माझाच नंबर द्या

आई-अण्णांच्या घरातल्या प्रत्येक कागदावर माझा मोबाईल नंबर होता. गॅसला, बँकेत, आधारला, रेशनला, विजेच्या बिलाला. तो कोणी बळजबरीने घातलेला नव्हता. जिथे जिथे नंबर विचारला गेला तिथे मीच पुढे होऊन म्हटलं होतं, माझाच नंबर द्या. अण्णांकडे साधा बटणांचा फोन. इंग्रजी मेसेज त्यांना वाचता येत नाही, आणि मराठीतला आला तर त्या फोनवर नुसते चौकोन दिसतात. आईला फोन उचलता येतो, लावता येत नाही. त्यांना मी एकटीच, तेव्हा हे ओघानेच आलं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. लग्न होऊन नगरला आले, पण पुणतांब्याच्या घरातली गॅसची टाकीसुद्धा माझ्यावाचून बदलत नाही, याचा एक बारीकसा अभिमान होता.

नागापूरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. गाड्यांना लागणारे लहान लहान सुटे भाग तिथे तयार होतात. ते मापात आहेत की नाहीत हे पाहायचं, नसतील तर बाजूला काढायचे. आत मोबाईल न्यायला बंदी. गेटवर पोस्टाच्या पेट्यांसारखे कप्पे आहेत. सकाळी फोन त्यात ठेवायचा, किल्ली खिशात टाकायची आणि जेवणाच्या सुट्टीला येऊन बघायचा. हे मी अण्णांना अनेकदा सांगितलं होतं. पण कामात असताना फोन उचलता येत नाही हे एक वेळ त्यांना पटलं असतं. फोन कुलपात असतो हे काही त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहत नसावं. ते म्हणायचे, "बरं, बरं," आणि पुढच्या वेळी पुन्हा कामाच्या वेळेतच फोन करायचे.

पूर्वी गॅसची गाडी यायची, टाकी उतरवायची, अण्णांची सही घेऊन जायची. मग ओटीपी आला. बुकिंग मी नगरहून करायचं, पैसे इथूनच भरायचे. गाडी निघाली की माझ्या फोनवर आकडे येणार. ते मी अण्णांना सांगायचे आणि अण्णांनी गाडीवाल्याला. बोलायला सोपं होतं. पण गाडी कधी निघेल ते एजन्सीलाही सांगता येत नसे, आणि ती निघायची नेमकी मी फोन कप्प्यात ठेवून आत गेल्यावर. एकदा टाकी परत गेली. दुसऱ्यांदा परत गेली तेव्हा मी ॲपवर तक्रार नोंदवली. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं की आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, कृपया तारे देऊन अभिप्राय कळवा. टाकी आलीच नव्हती. मी हेल्पलाईनला फोन केला, तर तिथल्या मुलीने फार अदबीने सांगितलं की सिस्टीमला तक्रार बंद दिसते, त्यामुळे तिला काही करता येणार नाही, नवी तक्रार करावी लागेल. एजन्सीचा राग हेल्पलाईनवर काढता येत नव्हता आणि हेल्पलाईनचा कुणावरच काढता येत नव्हता. तो आत साठत गेला असावा.

मग तो दिवस आला. जेवणाच्या सुट्टीत कप्पा उघडला तर फोनभर अण्णांचे मिस्ड कॉल. वरून खाली बोट फिरवत गेले तरी संपेनात. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. मी गेटच्या पायरीवर बसून फोन लावला, तर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज, कारण तिकडून तेही मलाच लावत होते. शेवटी लागला.

"अगं, गॅसची गाडी आल्ती," अण्णा म्हणाले. "त्यो आकडे मागत हुता. लई येळ थांबला बिचारा. गेला आता."

आई बरी आहे हे कळल्यावर माणसाने देवाचे आभार मानले असते. मी मानले नाहीत. "गॅससाठी एवढे फोन, अण्णा? मला वाटलं आई गेली." एवढ्यावरही मी थांबले नाही. किती वेळा सांगायचं, मी इथे बसून नसते, माझी नोकरी घालवायची आहे का तुम्हाला, असं सगळं मी बोलले. आजूबाजूला डबे घेऊन निघालेल्या बायका ऐकत होत्या, याचं मला भान नव्हतं.

मग ते म्हणाले, "चुकलं, बाई." आणि फोन ठेवला.

पाटाच्या पाण्यावरून भावकीशी वाजलं तेव्हा अण्णांनी वर्षानुवर्षं अबोला धरला, पण चुकलं म्हणाले नव्हते. आईलाही कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि त्यानंतर आत जाऊन डबा खाल्ला. संध्याकाळी मी फोन केला. म्हटलं, आता बोलू. पण बोलले काय, तर कारखान्यात बाहेरची तपासणी येणार आहे, म्हणून फार ताण आहे. ते हो हो म्हणाले. आई सरपणावर भाकरी करतेय, तिला त्याची सवयच आहे, काळजी करू नको, असंही म्हणाले.

त्यानंतर कामाच्या वेळेत त्यांचा फोन आलाच नाही. आठवडे गेले. मी कप्पा उघडायची तेव्हा पडदा रिकामा असायचा, आणि मला हायसं वाटायचं. गॅसचे आकडेही येईनासे झाले. गाडीवाल्याने टाकी तशीच दिली असेल, दोघांना लागते किती, पुरली असेल, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर मी त्याचा फार विचारच केला नाही. कटकट थांबली की ती का थांबली हे कोण शोधत बसतं?

मग एका दुपारी बँकेचा मेसेज आला. आपल्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलण्यात आला आहे. आपण विनंती केली नसल्यास ताबडतोब संपर्क साधा. खातं अण्णांचं होतं. कांद्याचे, पेरूच्या बागेचे, जे काही दोघांच्या म्हातारपणासाठी ठेवलेलं होतं, ते सगळं त्यात. अण्णांना फोन लावला, बंद. बँकेच्या हेल्पलाईनला लावला. मराठीसाठी हे बटण, खात्याच्या माहितीसाठी ते बटण, मग सगळे प्रतिनिधी व्यस्त आहेत, मग सनईचं संगीत, मग फोन कट. तीनचार वेळा असं झाल्यावर एक जिवंत माणूस लागला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, आपण ज्या नंबरवरून बोलताय तो या खात्याला जोडलेला नाही. त्यामुळे आम्ही आपल्याला माहिती देऊ शकत नाही." मी म्हटलं, तेच तर सांगतेय. तो म्हणाला, आपली गैरसोय समजू शकतो.

मी साहेबांना सांगून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि तारकपूर स्टँड गाठलं. मोबाईलवर शिर्डीची गाडी फलाटाला लागलेली दिसत होती. फलाटावर गाडी नव्हती. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, लागली की कळंल. ती लागली तेव्हा इतकी गर्दी झाली की राहुरी गेली तरी मी उभीच होते. रस्त्याबद्दल काय सांगायचं, त्या रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना तो माहीत आहे. पुढे कोल्हारला बसायला मिळालं, आणि बसल्यावर डोकं जास्तच पळायला लागलं. चोरट्यांनी फोनवरून काही काढून घ्यायचं म्हटलं तरी आकडे माझ्याकडे यायला हवे होते, ते आले नव्हते. म्हणजे नंबर बँकेत जाऊन, समोरासमोर बदललेला होता. म्हणजे कोणीतरी गोड बोलून अण्णांना तिथे नेलं होतं, सही घेतली होती. कोणीतरी गावातलंच. मी एकेका घराचा विचार करत होते. राहात्याला उतरून वडापच्या रिक्षात बसले, तर माणसं भरल्याशिवाय रिक्षावाला हलेना. मला घाई आहे म्हटलं, तर म्हणाला, ताई, सगळ्यांनाच घाई हाय.

घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. अण्णा बागेत गेलेले, फोन घरात चार्जिंगला, आणि लाईट सकाळपासून गेलेली. मी दारातूनच विचारलं, बँकेत कोण घेऊन गेलं अण्णांना?

"कोन कशाला नेतंय?" आई म्हणाली. "ते सोताच गेल्ते. नंबर त्यांनीच बदालला."

मग तिने मेथी बाजूला ठेवून सगळं सांगितलं. त्या गॅसच्या दिवसानंतर अण्णा दोन दिवस फारसे बोलले नाहीत. मग एके सकाळी धुतलेला सदरा घालून राहात्याला आधार केंद्रात गेले. पहिल्या दिवशी मशीन बंद होतं. दुसऱ्यांदा गेले तर बोटांचे ठसे उमटेनात. मशीनवाल्या पोराने सांगितलं, बाबा, हातांना तेल लावत जा, मग या. ते रोज रात्री हातांना खोबरेल चोळत राहिले आणि पुन्हा गेले. आधारचं झाल्यावर गॅस एजन्सी, मग बँक. नवा नंबर दिला तो समोरच्या भाभींचा.

समोरच्या घरातल्या भाभी मी कॉलेजला असताना लग्न होऊन आल्या. त्यांचे मालक टेम्पो चालवतात, कांदा-पेरू बाजाराला नेतात, आणि त्या घरी ब्लाऊज शिवतात. शिलाई मशीन खिडकीपाशी, मशीनवर मोबाईल. गॅसची गाडी वळणावर आली की त्या हातातलं कापड तसंच टाकून रस्ता ओलांडून येतात आणि आकडे सांगतात. आता टाकी एकदाही परत गेली नाही, असं आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला बरं वाटावं म्हणून ती सांगत होती.

त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. चोर नव्हता, पैसे जागेवर होते. पण दिवसभराची धास्ती, ती बस, तो हेल्पलाईनचा माणूस, आणि आपल्याला न विचारता आपलं नाव पुसलं गेलं हे, सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "गॅसचं एक वेळ ठीक आहे. पण बँक? परक्यांच्या नंबरवर बँक ठेवतं का कोणी? उद्या पैसे गेले तर कुणाला धरायचं?"

आईने मला डोळ्यांनी दटावलं. मी वळून पाहिलं तर भाभी मागे उभ्या होत्या, हातात ताटलीत दोन कप. मी उन्हातून आलेली त्यांना खिडकीतून दिसली होती. त्यांनी कप ओट्यावर ठेवले.

"चहा गार होईल, ताई," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

मी तो चहा प्याले. आता आठवलं की वाटतं, निदान तो तरी प्यायला नको होता. पण मी दमले होते, आणि तो आल्याचा चांगला चहा होता.

अण्णा दिवेलागणीला आले. आईने त्यांना मोरीजवळच गाठून सांगितलं असावं, कारण घरात आले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मला वाटलं, आज रागावतील. रागावले असते तर मला भांडता आलं असतं. ते माझ्यासमोर बसले आणि हाताची बोटं चोळत राहिले. मीच म्हटलं, मी त्या दिवशी फोनवर बोलले त्याचा एवढा राग धरलात?

"राग न्हाई गं," ते म्हणाले. "तू फोन लावला तवा तुझा आवाज लई भ्यालेला हुता. आपल्या फोनाला पोरगी भिती, हे काय मला बरं वाटंना."

त्यांनी विषय वाढवला नाही. जेवताना बागेला पाणी कमी पडतंय, यंदा फळ बारीक राहील, हे बोलले.

सकाळी मी भाभींकडे गेले. त्या मशीनवर होत्या. बसा म्हणाल्या, पण मशीन थांबवलं नाही, शिवण पूर्ण झाल्यावरच वर पाहिलं. मी म्हटलं, भाभी, काल मी जे बोलले ते तुम्हाला उद्देशून नव्हतं.

"मग कुनाला म्हनल्या?" त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. बसमध्ये बसून मी ज्या घरांचा विचार केला होता त्यात त्यांचंही घर होतं. कदाचित पहिलं होतं. का होतं, हे मी स्वतःलाही सांगत नव्हते.

त्यांनी दोरा तोडला. म्हणाल्या, "तुमचं बराबर हाय ताई. पैशाचं दुसऱ्याकडं असू न्हाई. बँकेचा नंबर तुमी तुमचा करून घ्या. गॅसचं राहू द्या माझ्याकडं. चाचींना सरपन फुकावं लागतं, ते बघवत न्हाई." मी नको नको म्हटलं, असू द्या तुमचाच, आमचा विश्वास आहे. त्या म्हणाल्या, नको. आज जा आन करून घ्या.

तेव्हा मी सुट्टी वाढवली आणि अण्णांना घेऊन बँकेत गेले. शाखा उघडायच्या आधीच बाहेर माणसं बसलेली. आत गेल्यावर कळलं, सर्व्हर डाऊन आहे. मी काउंटरला जाऊन विचारलं, किती वेळ लागेल. तिथल्या बाईंनी वर न बघता सांगितलं, आला की करू. मी परत जागेवर आले, पुन्हा गेले. अण्णा हलले नाहीत. त्यांनी पंख्याखालची खुर्ची आधीच धरली होती. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, बिस्किटाचा पुडा काढला, माझ्यापुढे धरला. दारावरच्या रखवालदाराने त्यांना रामराम केला, गुडघा कसा आहे विचारलं. या जागी ते किती बसले असतील याचा अंदाज मला त्या रामरामावरून आला. मी नगरहून फोनवर सांगायची, अण्णा, जरा बँकेत जाऊन तेवढं विचारून या. 'जरा' म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी बसून पाहिलं. दुपार झाली. माझे पाय भरून आले. ते मधूनच डुलकी काढत होते आणि नाव पुकारल्यासारखं वाटलं की दचकून जागे होत होते.

शेवटी सर्व्हर आला आणि आमचा अर्ज टेबलावर गेला. त्या बाईंनी अर्ज पाहिला, मग अण्णांकडे पाहिलं. "बाबा, आत्ताच तर बदलून नेला ना तुम्ही? परत बदलायचा? हा काय खेळ लावलाय?"

मागची रांग ऐकत होती. अण्णांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "माझीच चूक झाली, मॅडम."

मी शेजारी उभी होते. माझ्यामुळे बदलतोय, एवढंच तर म्हणायचं होतं. ते म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण ती बाई कंटाळलेली होती, तिने शिक्का हातात घेतला होता, आणि आता मध्ये बोललं तर काम पुन्हा अडेल असं मला वाटलं. मी अर्जावर सही कुठे करायची ते अण्णांना बोटाने दाखवलं. त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, तुम्ही कशाला स्वतःवर घेतलंत? ते म्हणाले, जाऊ दे, काम झालं ना. आणि मला राहात्याच्या रिक्षात बसवून, रिक्षा हलेपर्यंत उन्हात उभे राहिले.

आता बँकेचे मेसेज माझ्याकडे येतात. गॅसचं भाभींकडेच आहे. पण आई सांगते, हल्ली त्या आकडे स्वतः वाचत नाहीत. गाडी आली की येतात, फोन अण्णांच्या हातात देतात आणि म्हणतात, तुमीच वाचा चाचा. अण्णा फोन डोळ्यांपासून लांब धरून एकेक आकडा वाचतात, आणि तोवर त्या अंगणाच्या कडेला, तोंड रस्त्याकडे करून उभ्या राहतात. ईदला मी मुद्दाम गेले होते. त्यांनी बसवलं, शिरखुर्मा दिला, माझ्या कामाचं विचारलं. कशातच कमी नव्हती. तरी मी निघाले तेव्हा त्यांनी मला माझी पर्स राहिलीय म्हणून आठवण करून दिली, आणि ती उचलून आणून दिली नाही. कुठे आहे ते फक्त सांगितलं.

अण्णांना मी नवा फोन घेऊन देते म्हटलं, ते नको म्हणाले. माझ्या साहेबांशी बोलून मी घरच्या तातडीसाठी गेटवरच्या केबिनचा नंबर मिळवला आणि त्यांना तो मोठ्या अक्षरात लिहून दिला. त्या नंबरवर त्यांनी आजवर एकदाही फोन केलेला नाही. गेल्या पावसाळ्यात आई मोरीत घसरून तिचा हात दुखावला, तेही मला तिसऱ्या दिवशी कळलं, प्लास्टर घालून झाल्यावर. का नाही सांगितलंत म्हटलं तर आईच म्हणाली, तुझी डुटी दिवसाची हुती म्हनं.

रविवारी सकाळी मात्र त्यांचा फोन येतो. मी घरी असते, हे त्यांना माहीत असतं. कारखाना बंद असतो, हेही माहीत असतं. तरी मी हॅलो म्हटलं की ते आधी विचारतात, "कामात न्हाईस ना?" असं विचारू नका, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. ते बरं म्हणतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारतात. मी नाही म्हणते. मग ते थोडं थांबतात, जणू मी खरं बोलतेय का ते ऐकत असावेत, आणि त्यानंतर पेरूचं सांगायला लागतात.